नेटलिस्ट सम्राट प्रज्योत

प्रज्योत घरत पहिल्यांदा माझ्या लक्षात आला तो त्याच्या घरासमोरच्या अंगणात. मी तेव्हा उरण तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात प्राथमिक शाळेवर होते आणि पहिलीच्या पटासाठी दारोदार मुलं शोधत फिरत होते. घरतांचं घर मुळात एकच, पण मधे भिंत घालून त्याची दोन केलेली. एका ओटीवर प्रज्योतचा बाप अंबाजी आरसा भिंतीला टेकवून दाढी करत होता. दुसऱ्या ओटीवर त्याचा सख्खा भाऊ नामा जाळं सांधत बसला होता. आणि दोघांच्या मधे, अंगणात, हा पोरगा चड्डीचा नाडा तोंडात धरून उभा.

"तुज्या काकाला सांग," अंबाजी आरशात बघत म्हणाला, "टाकी भरून वाहतेय, पंप बंद कर म्हनावं. कानात बोळे घातलेत का काय?"

पोरानं नाडा तोंडातून काढला आणि तोंड फिरवलं. "काका, बाबा बोलतात टाकी भरली. पंप बंद कराल काय?"

"सांग तुज्या बापाला, मना शिकवायचं न्हाय. मी बघीन काय करायचं ते."

पोरगा परत वळला. "बाबा, काका बोलतात, करतो."

आणि नामानं खरोखरच उठून पंप बंद केला.

दोन ओट्यांमधलं अंतर असं की एकाची शिंक दुसऱ्याच्या चहात पडावी. दोघांनाही एकमेकांचे मूळ शब्द स्वच्छ ऐकू आले होते. तरी दोघंही पोराच्या तोंडून निरोप येईपर्यंत थांबले, आणि पोरानं सांगितलं तेच खरं धरून वागले. मी पटावर नाव लिहून घेतलं. डोक्यात मात्र ते "करतो" घोळत राहिलं. नामा तसं म्हणालाच नव्हता.

अबोला ही आमच्याकडची प्रतिष्ठेची गोष्ट आहे. बाहेरच्यांना वाटतं, न बोलणं म्हणजे गप्प बसणं. तसं नाही. अबोला धरलेली माणसं इतरांपेक्षा जास्त बोलतात, फक्त ती एकमेकांशी बोलत नाहीत. ती भिंतीला सांगतात, बोकडाला सांगतात, अंगणातल्या पोराला सांगतात. गणपती दोन्ही घरांचा एकच असतो, आरतीत दोघं भाऊ शेजारी उभे राहून एकाच सुरात ओरडतात, आणि प्रसादाचं ताट मात्र तिसऱ्याच्या हातून जातं. अबोला मोडायला घसघशीत कारण लागतं. धरायला कसलंही चालतं. अंबाजी आणि नामाचा कशावरून सुरू झाला ते मी दोघांनाही विचारलं होतं. दोघांनी वेगवेगळी कारणं सांगितली आणि दोन्ही कारणांत एक कोंबडी होती.

शाळेत प्रज्योत मधल्या बाकावरचा, मध्यम गुणांचा मुलगा. एकच खोड विलक्षण होती. श्रुतलेखनात मी सांगितलेलं वाक्य तो स्वतःच्या मते सुधारून लिहायचा. "राजा रागावला" असं मी सांगितलं की हा लिहिणार, "राजा थोडासा रागावला." मी म्हणायचे, "अरे, थोडासा कोणी सांगितलं?" तर म्हणायचा, "बाई, पुढं तो राणीशी बोलतो ना? जास्त रागावला असता तर बोलला असता का?" मी लाल शाईनं "थोडासा" खोडायचे. पुढच्या खेपेला तो शब्द परत यायचा.

पुढं त्यानं पनवेलला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. एका विषयासाठी जास्तीचं वर्ष लागलं, पण झाला. आणि तो भागोजी इलेक्ट्रॉनिक्समध्ये कामाला लागला.

हा कारखाना गावाबाहेर कंटेनर यार्डांच्या रांगेत आहे. हरेश्वर आणि विनेश या दोन भावांनी तो काढला आणि वडलांचं नाव दिलं. भागोजींनी आयुष्यभर मिठागरात फावडं मारलं. घरातला बल्ब बदलायलाही ते शेजाऱ्याला हाक मारायचे, पण नाव मोठ्या अक्षरांत लागलं. बंदरातून मासळी आणि कोळंबी घेऊन जाणारे थंड कंटेनर असतात. आतली थंडी कमी झाली की घंटा वाजवणारं एक हिरवं सर्किट बोर्ड त्यांना लागतं. ते बोर्ड हे दोघं बनवायचे. दोघंही माझे विद्यार्थी. थोरला हरेश्वर शिस्तीचा, वहीला कव्हर घालणारा. धाकटा विनेश कव्हर दुसऱ्याचं काढून स्वतःच्या वहीला घालणारा.

चांगलं चाललं होतं. मग दोघांच्या एका पुतणीच्या हळदीचा बॅनर लागला. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, आणि बॅनर हळदीपेक्षा मोठा. त्या बॅनरवर विनेशचा फोटो गॉगल घालून, हात कमरेवर ठेवून, उभा छापला होता. हरेश्वरचा फोटो त्याच्या ढोपराशी, गोल चौकटीत, शुभेच्छुकांच्या रांगेत. छापणाऱ्यानं सांगितलं, हरेश्वरशेठनी पासपोर्टचाच फोटो दिला, तो मोठा केला तर फाटतो. पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवसापासून थोरला कारखान्याच्या डाव्या खोलीत आणि धाकटा उजव्या खोलीत. मधे बोळ, बोळात पाण्याचा कूलर. दोन्ही खोल्यांना काचेची दारं आणि एसी. म्हणजे इथला आवाज तिथं जायची सोय नाही.

कारखाना बंद पडला नाही, कारण काम आधीच वाटलेलं होतं. कुठला भाग कुठल्या भागाला जोडायचा याचा आराखडा थोरला काढायचा. तो आराखडा घेऊन प्रत्यक्ष बोर्डावर तांब्याच्या रेघा कशा फिरवायच्या ते धाकटा ठरवायचा. अडचण अशी की थोरल्याचं सॉफ्टवेअर त्याच्या पुण्याच्या दिवसांतलं, जुनं, आणि त्याच्यावर त्याचा बायकोइतका विश्वास. धाकट्याचं नवं, व्हिडिओ बघून शिकलेलं, दर महिन्याला भाडं मागणारं. दोन्ही सॉफ्टवेअरांना एकमेकांची भाषा येत नव्हती. भावांना येत होती, पण वापरायची नव्हती.

या दोन खोल्यांमधून जी जायची तिला नेटलिस्ट म्हणतात. ती काय असते हे मला प्रज्योतनंच समजावलं, माझ्या ओटीवर बसून. हरेश्वरला तो दादा म्हणायचा, विनेशला भाऊ.

"बाई, समजा वर्गात मुलं हायत. कोणी कोणाचा हात धरायचा याची यादी म्हणजे नेटलिस्ट. दादांचं सॉफ्टवेअर एकेक टोळकं सांगतं, या टोळक्यात ही ही मुलं. भाऊंचं सॉफ्टवेअर एकेक मूल सांगतं, या मुलाच्या डाव्या हातात हा, उजव्या हातात तो. दादांचं डाव्या हाताला एक म्हणतं, भाऊंचं डाव्या हाताला ए म्हणतं. मुलं तीच, हात तेच. पण यादी जशीच्या तशी टाकली तर पडद्यावर चुकांचा नुसता लाल पूर येतो."

"मग तू काय करतोस?"

"मी मधे बसतो," तो म्हणाला, आणि इतकं समाधान मी त्याच्या तोंडावर निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

त्याला सोल्डरिंगसाठी, म्हणजे बोर्डावर सुटे भाग डाखायला, घेतलं होतं. तो मधे बसू लागला तो असा बसला, की त्यानं पुन्हा त्या कामाला हात लावला नाही. थोरल्याकडून यादी घ्यायची, साध्या नोटपॅडमध्ये उघडायची, ओळी उलट्यासुलट्या करायच्या, पायांचे आकडे बदलायचे आणि धाकट्याच्या पदरात घालायची. निम्मं काम करणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यानं लिहिला होता. उरलेलं निम्मं हातानंच करावं लागतं, असं तो डोळे मिटून सांगायचा. हळूहळू चालण्यात फरक पडला. बोळातून जाताना तो दोन्ही हात मागं बांधायला लागला. व्हिजिटिंग कार्ड छापलं, त्यावर "नेटलिस्ट एक्स्पर्ट". वाढदिवसाला मित्रांनी नाक्यावर बॅनर लावला, त्यावर "नेटलिस्ट सम्राट प्रज्योतशेठ यांस वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा". नेटलिस्ट म्हणजे काय हे शुभेच्छा देणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. कबड्डीतली काहीतरी पकड असावी, असा साधारण समज होता.

यादीबरोबर निरोपही जायचे, हे सांगायला नकोच.

"त्या गॉगलवाल्याला सांग," हरेश्वर म्हणायचा, "मागच्या बोर्डात रेघा केसासारख्या काढल्यात. जळतील. अक्कल गहाण टाकलीय काय?"

प्रज्योत कूलरपाशी थांबायचा, ग्लासभर पाणी प्यायचा आणि उजव्या खोलीत शिरायचा. "भाऊ, दादा बोलतात रेघा एकदम मस्त. जरा जाड केल्या तर अजून मस्त."

"बोल त्याला, अपने काम से काम रख."

परत कूलर, परत पाणी. "दादा, भाऊ बोलले, करतो."

मला हे त्यानं अभिमानानं सांगितलं. मी म्हटलं, "प्रज्योत, हे तुझ्या अंगणात चालत होतं, कारण तिथं दोघांना मूळ बोलणं ऐकू येत होतं. इथं काचा आहेत."

"म्हणून तर बरं, बाई," तो म्हणाला. "शिव्या आतच राहतात."

मग त्याचा हात सैल सुटला. आधी तो आलेल्या निरोपाला साखर लावायचा. पुढं निरोप न येताच साखर पोचवायला लागला. विनेशची बायको अमिषा ऑपरेशनसाठी पनवेलला दवाखान्यात होती, तेव्हा यानं विनेशला सांगितलं, "दादा बोलले, काय लागलं तर रात्री-अपरात्री सांग, मी हाय." विनेश खिडकीकडं तोंड करून बराच वेळ बसला म्हणे. कारखान्यामागच्या जागेवर त्याचा दावा होता, तो त्यानं त्याच आठवड्यात सोडून दिला. भागोजींच्या वर्षश्राद्धाला यानं हरेश्वरला सांगितलं, "भाऊ बोलले, बॅनरचं माझं चुकलंच." हरेश्वरनं त्या वर्षी धाकट्याच्या मुलांना नवे कपडे पाठवले, अर्थात प्रज्योतच्याच हातून. गावात सगळे म्हणायचे, अबोला असावा तर असा. कधी कधी मलाही तसं वाटे.

मग ते दोन वाटांचं बोर्ड आलं.

वीज बोर्डात शिरते, काम करते आणि परत जाते. त्या परतीच्या वाटेला हे लोक ग्राउंड म्हणतात. नव्या बोर्डाच्या आराखड्यात हरेश्वरनं परतीच्या वाटा दोन ठेवल्या होत्या. एक आतली थंडी मोजणाऱ्या नाजूक भागाची, एक घंटा वाजवणाऱ्या दांडग्या भागाची. दोन्ही फक्त एका ठिकाणी, टोकाला, मिळायच्या. घंटेच्या धावपळीचा धक्का मोजणाऱ्याला लागू नये, म्हणून. आमच्याकडं लग्नाच्या मांडवात बँडवाल्यांना भटजींपासून लांब बसवतात, तसंच.

विनेशनं यादी बघितली आणि प्रज्योतला बोलावलं. "ये क्या है? दोन-दोन ग्राउंड? इथं पण वाटणी काढली का त्यानं? विचार त्याला, एक केलं तर काय बिघडतंय."

प्रज्योत डावीकडं गेला. "दादा, भाऊ विचारतात, ग्राउंड दोन का?"

"सांग त्याला, दिलंय तसं गुमान कर. ज्यातलं कळत न्हाय त्यात तोंड घालू नको."

प्रज्योत बोळात आला. पाणी प्यायला. आणि उजवीकडं जाऊन म्हणाला, "दादा बोलले, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

"असं बोलला?"

"असंच."

विनेश हसला. थोरल्यानं त्याच्यावर काही सोपवायची ही पहिली वेळ. "मग एकच कर," तो म्हणाला. प्रज्योतनं नोटपॅडमध्ये दुसऱ्या वाटेचं नाव पुसून सगळीकडं पहिल्या वाटेचं घातलं. यादी आखूड झाली, पडद्यावरच्या सगळ्या लाल ओळी गेल्या. नंतर मी विचारलं तेव्हा त्यानं मान्य केलं की ते नुसतं विनेशसाठी नव्हतं. "एका बोर्डावर दोन ग्राउंड बघून मला कसंतरीच झालं, बाई. म्हटलं, इथं तरी एक होऊ दे." जन्मभर वाटण्या बघितलेल्या माणसाला वायरींची वाटणीसुद्धा भांडणच वाटली. हरेश्वरला अर्थातच सांगितलं, "भाऊ बोलले, बरोबर हाय तुमचं."

बोर्डं तयार झाली, तपासली गेली, पास झाली. तपासताना घंटा काढून ठेवायची पद्धत होती, कारण तिच्या आवाजानं हरेश्वरचं डोकं दुखायचं.

यार्डात बोर्डं लागली. कंटेनरचं दार मासळी चढवायला उघडलं की आत जरा ऊब जायची आणि घंटा वाजायची. तेवढं ठीक. पण घंटा वाजली की तिच्याच धक्क्यानं मोजणारा भाग हादरायचा आणि त्याला वाटायचं, आत आणखी तापलं. म्हणून तो पुन्हा घंटा वाजवायचा. घंटा वाजते म्हणून घंटा वाजते. आमच्या गावातली बरीच भांडणं याच तत्त्वावर चालतात, पण ती कंटेनरमध्ये बसवलेली नसतात. सगळं यार्ड रात्रंदिवस केकाटायला लागलं. दोन दिवसांत ड्रायव्हरांनी पक्कड घेऊन घंटांच्या वायरी तोडून टाकल्या आणि यार्डात शांतता झाली. त्या शांततेत एका कंटेनरचं यंत्र खरंच बंद पडलं. आतली कोळंबी तापली, आणि सांगायला कोणी नव्हतं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. मला दर वर्षी बोलावणं असायचं. तिघांनाही मीच शिकवलं, म्हणून मला खुर्ची अगदी मधोमध, बोळात. डाव्या खोलीच्या दारात हरेश्वर, उजव्या खोलीच्या दारात विनेश, दोघांच्या संगणकांना झेंडूच्या माळा. प्रज्योत सोवळं नेसून प्रसादाचं ताट घेऊन दोघांमधे फिरत होता. तेवढ्यात ज्यांची कोळंबी गेली ते गुजराती शेठ आत आले. हातात तोडलेल्या वायरीचं बोर्ड.

"हरेश्वरभाई, आ शुं छे? घंटा एकदा वाजली की थांबतच नथी. पोरांनी वायर तोडली, आन् माझा माल गेला."

हरेश्वरनं बोर्ड घेतलं, उजेडाकडं धरलं. त्याचा चेहरा बदलला. "परतीची वाट एकच?" तो म्हणाला. मग सवयीनं प्रज्योतकडं वळला. "विचार त्याला. दोन दिल्या होत्या, एक कोणी केली?"

प्रज्योत ताट घेऊन उजवीकडं वळला. "भाऊ," तो म्हणाला, "दादा विचारतात, जरा... म्हणजे सवडीनं सांगितलं तरी चालेल..."

"अरे, सामने तो उभा छे!" शेठ ओरडले.

विनेशनंही रीत मोडली नाही. तो प्रज्योतलाच म्हणाला, "सांग त्याला, त्यानंच निरोप धाडला होता. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

हरेश्वरनं बोर्ड खाली ठेवलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं भावाकडं सरळ बघितलं. "तुम्हाला? मी तुला तुम्हाला बोललो? जन्मल्यापासून मी तुला कवा तुम्हाला बोललोय रे?"

हे विनेशला पटलं. "मग... अमिषाच्या ऑपरेशनला?" तो म्हणाला. "रात्री-अपरात्री सांग, मी हाय, ते?"

"कसलं ऑपरेशन?"

हे ऐकल्यावर विनेशचं तोंड मला बघवेना. हरेश्वरचं पुढं चाललंच होतं. "आन् तू जो निरोप दिलास, बॅनरचं माझं चुकलं..."

"चुकलं? माझं? साफ झूठ! मी आजही बोलतो, तुझा फोटो पासपोर्टचा होता!"

मग दोघंही एकदम प्रज्योतकडं वळले. तो माझ्या खुर्चीशेजारी उभा होता, प्रसादाचा शिरा हातात घेऊन.

"मी कोणाचं वाईट सांगितलं काय?" तो म्हणाला. "दादा, भाऊ, एक तरी वाईट शब्द इकडचा तिकडं केला असेल तर दाखवा."

हे खरं होतं. तरी हरेश्वर म्हणाला, "प्रज्योत, उद्यापासून येऊ नको."

"दादा बरोबर बोलतोय," विनेश म्हणाला.

थोरल्याबद्दल धाकट्याच्या तोंडून आलेलं हे एकमेव चांगलं वाक्य, ज्यात प्रज्योतचा हात नव्हता.

प्रज्योत घरी बसला, पण खचला नाही. रोज संध्याकाळी माझ्याकडं यायचा आणि सांगायचा, "बाई, बघाच. आठवडाभरात बोलावणं येईल. माझ्याशिवाय यादी जाऊच शकत न्हाय." त्याच्या घरी लग्नाचं बोलणं चालू होतं. मुलीकडच्यांना त्यानं अजून "मी मधे बसतो" असंच सांगितलं होतं. म्हणून बोलावण्याची वाट तो एकटाच बघत नव्हता.

बोलावणं आलं नाही. दोन्ही भाऊ एकाच संगणकासमोर बसले, विनेशनं मेनू उघडला, आणि तिथं थोरल्याच्या सॉफ्टवेअरचं नाव लिहिलेलं सापडलं. एका चौकोनात खूण केली की अख्खी यादी आपोआप येत होती, पाय, हात, दोन्ही परतीच्या वाटा, सगळं जसंच्या तसं. ही सोय निघाल्याला दोन वर्षं झाली होती.

ही बातमी मीच प्रज्योतला दिली. त्याला आश्चर्य वाटलं नाही, त्यावरून मला कळलं.

"तुला माहीत होतं?"

"होतं," तो म्हणाला. "पण त्यात नुसती यादी जाते, बाई. निरोप जात न्हाय."

"निरोप कोणी मागितला होता?"

त्यानं चहा संपवला आणि कप स्वतः विसळून ठेवला. त्या दिवसानंतर तो बरेच दिवस आला नाही.

भाऊ बोलायला लागल्याचा गावाला फार आनंद झाला. दिवाळीत दोघांनी एकत्र फोटो काढला, दोघांनाही गॉगल. पण यादी जशीच्या तशी जायला लागली, तसं बोलणंही जसंच्या तसं जायला लागलं. केसासारख्या रेघा, गहाण टाकलेली अक्कल, अपने काम से काम रख, सगळं समोरासमोर, साखर न लावता. जागेचा दावा विनेशनं पुन्हा उकरला. शिमग्यापर्यंत कारखान्याच्या मधोमध, जिथं कूलर होता तिथं, विटांची भिंत उभी राहिली. एका बाजूला भागोजी इलेक्ट्रॉनिक्स आणि दुसऱ्या बाजूला न्यू भागोजी इलेक्ट्रॉनिक्स. गावातली तीच माणसं आता म्हणायला लागली, प्रज्योत होता तेव्हा बरं होतं. दसऱ्याच्या सुमारास हीच माणसं त्याला लबाड म्हणत होती. मी दोन्ही वेळी ऐकून घेतलं.

त्यानंतर एका आठवड्यात प्रज्योतला दोन फोन आले. आधी हरेश्वरचा. कामावर ये, पगार वाढवतो, फक्त एक सांग, इतकी वर्षं तो माझ्याबद्दल तुझ्याकडं खरं काय काय बोलायचा? सगळं पाहिजे, शब्द न् शब्द, वकिलाला सांगायचंय. मग विनेशचा. त्याची मागणी तीच, पगार हरेश्वरपेक्षा थोडा जास्त.

प्रज्योत विचारायला माझ्याकडं आला, पण ओटीवर चढला नाही, खालीच उभा राहिला. लग्नाची बोलणी त्याच एका गोष्टीवर अडली होती. मुलाला नोकरी पाहिजे, आणि इथं दोन-दोन नोकऱ्या दारात उभ्या होत्या.

"तुला आठवतंय सगळं?" मी विचारलं.

"शब्द न् शब्द, बाई. त्या गॉगलच्या गोष्टी तर..." तो हसला आणि थांबला. "ते सांगितलं तर ते एकमेकांचे मुडदे पाडतील."

"मग?"

त्यानं माझ्यासमोरच दोघांना फोन लावले. "दादा, मना काय आठवत न्हाय," तो म्हणाला. दुसऱ्याला म्हणाला, "भाऊ, खरंच आठवत न्हाय हो, लई वर्षं झाली." पलीकडून दोघांनीही दिलेल्या शिव्या मला ऐकू आल्या. फोन ठेवून तो मला म्हणाला, "दोघंही बोलले, काही हरकत न्हाय." खोड जात नाही ती नाहीच.

ते लग्न जमलं नाही. मुलीकडच्यांनी सावकाश निरोप पाठवला की पत्रिका जुळत नाही.

आता तो तळोज्याच्या एका मोठ्या कंपनीत आहे. मी विचारलं, "तिथंही मधे बसतोस का?" तर म्हणाला, "न्हाय बाई. तिथं सगळ्यांचं सॉफ्टवेअर एकच हाय, आन् कोणी कोणाशी बोलतच न्हाय." त्याचं काम तयार बोर्डं तपासण्याचं आहे. सकाळी कंपनीची बस नाक्यावर येते, आणि त्याला सुट्टी गुरुवारी असते.